खेळातील देव आणि खेळातील राक्षस : कल्पनारम्य भूमिकाखेळांवरील धार्मिक आक्षेपांची समीक्षा

प्रास्ताविक

अनुकरणाविषयीचा संशय अनुकरणाइतकाच जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यातून अनुकरणशील कवीला निरोप दिला. टर्टुलियनने इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती श्रद्धावंतांना रोमन प्रेक्षागृहांपासून दूर राहण्यास बजावले. विल्यम प्रिन याने १६३३ मध्ये नाटकांविरुद्ध हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १६४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाट्यगृहेच बंद केली. आपल्याकडे तर नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिलाच प्रयोग उधळला जातो. इंद्रध्वजाच्या उत्सवात दैत्यांच्या पराभवाचे नाट्य चालू असता विरूपाक्षाला पुढे करून विघ्ने चाल करून येतात आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती स्तंभित करतात. पुढे ब्रह्मदेव दैत्यांची समजूत घालतो की, नाट्य हे कोणा एका पक्षाचे नसून त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे. येथे आक्षेप घेणारा कोणी नीतिरक्षक नाही; रंगभूमीवर ज्याचे सोंग निघाले तोच आक्षेप घेतो आहे. हा तपशील प्रस्तुत लेखाच्या उत्तरार्धात उपयोगी पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाविरुद्ध जे धार्मिक आंदोलन उभे राहिले, त्याची गणना समाजशास्त्रज्ञ आता ‘नैतिक घबराट’ या सदरात करतात. स्टॅन्ली कोहेन यांच्या १९७२ मधील अभ्यासापासून ही संकल्पना रूढ झाली आहे. आक्षेप घेणारे अडाणी होते, खेळ निरुपद्रवी होता आणि काळाने निकाल दिला, असा या प्रकरणाचा सर्वसाधारण सारांश असतो. तो खोटा नाही; पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड राहते. खेळाचे निर्माते आणि त्याचे विरोधक एका मुद्द्यावर पूर्णपणे सहमत होते आणि तो मुद्दा आपल्याशी, म्हणजे ज्यांच्या देवघरातील देव त्या खेळाच्या पुस्तकात जाऊन बसले त्यांच्याशी, थेट संबंधित आहे. हे आक्षेप कसे रचले गेले आणि त्या सहमतीचे स्वरूप काय होते, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

खेळाचे व्याकरण

हा खेळ आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेला नसेल, म्हणून त्याचे स्वरूप आधी सांगणे इष्ट ठरेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून टीएसआर या संस्थेने प्रसिद्ध केला. छोट्या शिपायांच्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो विकसित झाला. त्यात सोंगट्यांचा ठरावीक पट लागत नाही आणि कोणी जिंकत वा हरत नाही. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. त्यांतील एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. त्याला सूत्रधार म्हणता येईल. उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक, कोणी चोर. सूत्रधार भुयाराचे, अरण्याचे वा राजवाड्याचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि कृती यशस्वी झाली की नाही हे वीस बाजूंपर्यंतच्या फाशांनी ठरते. वेषभूषा नाही, रंगमंच नाही. सारा खेळ बोलण्यात आहे. अशा खेळांना येथे ‘भूमिकाखेळ’ म्हटले आहे.

या बोलण्याचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य आहे. खेळाडू ‘माझा योद्धा दार फोडतो’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘मी दार फोडतो’ असे म्हणतो. कादंबरीचा वाचक नायकाशी कितीही तादात्म्य पावला तरी त्याच्या वतीने प्रथमपुरुषी क्रियापद वापरत नाही. नट वापरतो, पण त्याची वाक्ये आधीच लिहिलेली असतात. येथे वाक्यही खेळाडूचे आणि कर्तापदही त्याचेच. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये या खेळाडूंचे जे समाजशास्त्रीय निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात व्यक्ती, खेळाडू आणि पात्र या तीन पातळ्यांवर खेळणारा सतत ये-जा करतो असे दाखविले आहे. ही ये-जा बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त ‘मी’.

आक्षेपांचा इतिहास

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील एक सोळा वर्षांचा, असामान्य बुद्धीचा विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाच्या भूमिगत वाफनलिकांच्या भुयारांत हा खेळ खेळताना तो हरवला असावा, असा तर्क शोधासाठी नेमलेल्या विल्यम डिअर या खाजगी गुप्तहेराने मांडला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा जिवंत सापडला. १९८० मध्ये त्याने आपले जीवन संपविले. एकाकीपणा आणि घरच्या अपेक्षांचे ओझे ही त्याच्या दुःखाची कारणे होती व खेळाचा वाटा नगण्य होता, हे डिअर यांच्याच १९८४ मधील पुस्तकावरून स्पष्ट होते. परंतु तोवर रोना जाफी यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी (१९८१) आणि तीवरचा दूरचित्रवाणीपट (१९८२) लोकांपर्यंत पोहोचला होता. भूमिकेतून बाहेर येऊ न शकणारा तरुण ही प्रतिमा अमेरिकी मनात रुजली ती कादंबरीमुळे. कल्पना आणि वास्तव यांची गल्लत होते असा आरोप ज्या खेळावर झाला, त्याच्याविरुद्धचा सर्वांत प्रभावी पुरावा एक कल्पित कथा होता.

१९८२ मध्ये व्हर्जिनियातील एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. शाळेत खेळताना त्याच्या पात्राला मिळालेला शाप हे तिचे कारण, अशी त्याची आई पॅट्रिशिया पुलिंग यांची दृढ समजूत झाली. मुख्याध्यापकांविरुद्धचा त्यांचा दावा न्यायालयाने फेटाळला. त्यांनी १९८३ मध्ये ‘बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही संघटना स्थापन केली, पोलिसांसाठी पुस्तिका काढल्या, खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्षी दिल्या आणि १९८९ मध्ये ‘द डेव्हिल्स वेब’ हा ग्रंथ लिहिला. १९८५ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात त्या आणि गायगॅक्स दोघेही दिसले. पुत्रशोकाला कारण हवे असते आणि ते कारण बाहेरचे असले तर सोसणे थोडे सुकर होते. पुलिंग यांची नंतरच्या काळात जी टवाळी झाली ती म्हणूनच अप्रशस्त वाटते. त्यांच्या मांडणीचे परीक्षण मात्र आवश्यक होते. ते मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये ‘द पुलिंग रिपोर्ट’ या प्रबंधात केले. स्टॅकपोल स्वतः खेळलेखक होते, तेव्हा ते तटस्थ नव्हते. पण त्यांचे गणित साधे आहे. लक्षावधी तरुण जो खेळ खेळतात, त्यांच्यात त्या वयोगटाच्या सर्वसाधारण प्रमाणानुसार काही आत्महत्या घडणारच. संघटनेने गोळा केलेल्या घटनांची संख्या त्या अपेक्षित संख्येच्या कितीतरी खाली होती.

हा सगळा प्रकार एकटा नव्हता. गुप्त सैतानपूजकांचे जाळे देशभर पसरले आहे, या समजुतीचा तो काळ होता. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी खटला याच वातावरणात उभा राहिला आणि १९९० मध्ये कोणालाही दोषी न ठरवता संपला.

‘डार्क डंजन्स’ची संहिता

आक्षेपांचे साहित्य विपुल आहे, पण त्यातील एकच कृती दीर्घायुषी ठरली : जॅक चिक यांची ‘डार्क डंजन्स’ (१९८४) ही खिशात मावणारी चित्रपुस्तिका. चिक हे कडवे मूलतत्त्ववादी प्रॉटेस्टंट प्रचारक. त्यांच्या पुस्तिका बसथांब्यांवर, धुलाईकेंद्रांत ठेवून दिल्या जात. या पुस्तिकेत मार्सी नावाच्या मुलीचे ‘ब्लॅक लीफ’ हे पात्र खेळात मरण पावते. सूत्रधार असलेली मिसेस फ्रॉस्ट तिला टेबलावरून उठवते आणि पात्रावाचून जगणे अशक्य झालेली मार्सी गळफास घेते. तिची मैत्रीण डेबी मात्र आठव्या पायरीला पोहोचल्यामुळे खऱ्या चेटकिणींच्या मंडळात प्रवेश मिळवते. शेवटी ती ख्रिस्ताला शरण जाते आणि खेळाच्या पुस्तकांची होळी होते.

कथा म्हणून ही पुस्तिका ढोबळ आहे, परंतु तिची रचना लक्षपूर्वक पाहिली तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. डेबीला प्राप्त झालेल्या मंत्रशक्तीचा पहिला उपयोग ती कशासाठी करते? खेळाला विरोध करणाऱ्या बापावर मंत्र टाकून त्याच्याकडून दोनशे डॉलरची नवी पुस्तके आणि प्रतिकृती खरेदी करवून घेण्यासाठी. सैतानाशी करार करून फाउस्टने ज्ञान मागितले होते. डेबी खेळण्यांच्या दुकानातील माल मागते. चिक यांना हा विनोद अभिप्रेत नसावा. तरीही लेखकाच्या नकळत येथे खरी चिंता प्रकट झाली आहे. मुलांचा वेळ, पैसा आणि निष्ठा पालकांना अगम्य अशा ठिकाणी चालली आहे, ही ती चिंता. धर्माची भाषा तिच्यावर चढविलेली आहे.

दुसरे असे की, चिक यांच्या जगात खेळ आणि कृती यांच्यामध्ये भिंतच नाही. पात्राचे मरण हे माणसाचे मरण आणि पात्राची पायरी ही चेटकाची पदवी. योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड खेळाडू खेळाचे वर्तुळ निदान मानतो. मोडणारा ते वर्तुळच नाकारतो, म्हणून समाज लबाडाला सहज क्षमा करतो आणि मोडणाऱ्याला करीत नाही. चिक वर्तुळ नाकारतात. आणि नाकारताना खेळाडूंनीही कधी दिली नव्हती एवढी सत्ता त्या खेळाला बहाल करतात.

धर्मशास्त्रीय आधार

आक्षेपकांनी बायबलमधून घेतलेले आधार तीन प्रकारचे आहेत आणि त्यांचे बळ सारखे नाही.

पहिला आधार ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील चेटूक, शकुन व भूतविद्या यांच्या निषेधाचा, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील इफिस येथे जादूची पुस्तके जाळल्याच्या प्रसंगाचा. हा आधार खेळाला लागू पडत नाही, याचे कारण अगदी साधे आहे : नियमपुस्तकांत मंत्र नाहीत. मंत्राचे नाव, त्याचा परिणाम, पल्ला आणि कालावधी दिलेला असतो. उच्चारावयाचे शब्द कोठेही दिलेले नाहीत. शिकलेला मंत्र एकदा वापरला की मांत्रिक तो विसरतो, ही कल्पना जॅक व्हान्स या विज्ञानकथाकाराकडून घेतलेली आहे. मंत्रासाठी लागणाऱ्या सामग्रीत तर चक्क कोट्या आहेत. दुसऱ्याचे मन वाचण्याच्या मंत्राला तांब्याचे एक नाणे लागते, कारण मनातले सांगायला लावताना इंग्रजीत पैसा देऊ करण्याचा वाक्प्रचार आहे. गंभीर अभिचाराच्या शोधात निघालेल्या वाचकांना कोटी दिसली नाही, यात नवल नाही.

उलट धर्मोपदेशकाच्या पात्राला मिळणाऱ्या सामर्थ्यांची यादी पाहावी : काठ्यांचे साप करणे, कीटकांचे थवे पाठविणे, पाणी दुभंगणे, मृताला उठविणे. मोशेची कथा जाणणाऱ्या कोणालाही या यादीचा उगम सांगावा लागू नये. १९७४ च्या मूळ पुस्तिकांतील सामानाच्या यादीत लाकडी क्रूस, चांदीचा क्रूस आणि पवित्र जल आहे. गायगॅक्स एके काळी यहोवाचे साक्षीदार या पंथाचे अनुयायी होते. ज्या कादंबरीकाराकडून या खेळाने बुटके, एल्फ आणि ऑर्क उचलले तो टॉल्किन निष्ठावंत कॅथलिक होता. खेळाची नैतिक चौकट मध्ययुगीन ख्रिस्ती कल्पनाविश्वातूनच आलेली आहे.

दुसरा आधार अधिक गंभीर आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मनाने केलेल्या व्यभिचाराला व्यभिचारच मानले आहे. तर मग मनाने, आणि तेही मित्रांसमोर ‘मी’ म्हणून, केलेल्या चोरीचे आणि वधाचे काय? ‘हा फक्त खेळ आहे’ हे उत्तर येथे पुरत नाही. कारण कल्पनेला नैतिक वजन असते हे आपण साहित्याचे अध्यापक तरी नाकारू शकत नाही. नाकारले तर वर्गात कादंबरी शिकविण्याचे प्रयोजन उरणार नाही. या प्रश्नाला काही ख्रिस्ती खेळलेखकांनी कृतीने उत्तर दिले. मॉर्मन पंथाचे ट्रेसी हिकमन यांनी १९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत कृतीचे नैतिक परिणाम कथेच्या गाभ्यात आणले. त्याच वर्षीच्या डिक वुल्फ यांच्या ‘ड्रॅगनरेड’ या खेळात तर मंत्राच्या जागी बायबलमधील वचने आहेत. खेळाडूने वचन प्रत्यक्ष पाठ म्हणून दाखविले तरच पात्राला सामर्थ्य लाभते. म्हणजे ज्याची चिक यांना भीती होती ते, खेळात उच्चारलेला शब्द बाहेरही खरा असणे, घडले ते एका ख्रिस्ती खेळात.

तिसरा आधार ‘करिंथकरांस पहिले पत्र’ यातील दहाव्या अध्यायाचा : परराष्ट्रीय लोक ज्यांना अर्पण करतात ती देवता नसून भुते होत. खेळात अनेक देव आहेत, खेळाडू त्यांतील एक निवडतो, म्हणून तो भुतांशी सहभागी होतो, असा हा युक्तिवाद. आक्षेपकांनी त्याचा उच्चार केला आणि खेळाच्या समर्थकांनी तो हसण्यावारी नेला. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

मूर्तीचा डोळा

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेअर्स हँडबुक’चे मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी रंगविले होते. एका अंधाऱ्या मंदिरात शिंगे असलेली अवाढव्य मूर्ती बसली आहे, तिच्या पायथ्याशी काही साहसवीर विसावले आहेत आणि दोघे चोर मूर्तीच्या चेहऱ्यावर चढून तिच्या डोळ्यातील रत्न उचकटून काढीत आहेत. आक्षेपकांच्या दृष्टीने हे सैतानी मूर्तीचे चित्र होते. खेळाडूंच्या दृष्टीने ते साहसाचे चित्र होते. भारतीय वाचकाला मात्र ते चित्र तिसऱ्याच ठिकाणी नेते. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीतील हिरा सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीच्या कपाळी होता आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने तो पळविला, अशी तिची कथा आहे. देवळातील रत्न ही वसाहतकालीन साहसकथेची एक ठरीव वस्तू आहे, आणि देऊळ हे तीत भुयारासारखेच लुटण्याचे स्थळ. कॉलिन्सला निदान हिऱ्यामागे येणाऱ्या तीन ब्राह्मणांची जाणीव होती आणि त्याने तो हिरा शेवटी मूर्तीच्या कपाळी परत पोहोचविला. मुखपृष्ठावरील मूर्तीला पुजारी नाही. ती कोणाची आहे, हा प्रश्न चित्राने विचारलेला नाही आणि ते चित्र सैतानी ठरविणाऱ्यांनीही विचारला नाही.

१९८० च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या पुस्तकात हे अधिक स्पष्ट होते. जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांच्या या पुस्तकात जगातील निरनिराळ्या दैवतमंडळांचा कोश आहे. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, बॅबिलोनी यांच्या शेजारी चिनी, जपानी आणि भारतीय प्रकरणे आहेत. भारतीय प्रकरणात इंद्र, अग्नी, काली, लक्ष्मी, विष्णू, यम हे आहेत. प्रत्येकाला चिलखताची श्रेणी आहे आणि किती आघात सोसून तो मरेल याचा आकडा आहे. झ्यूसला जसा ४०० आघातांचा आकडा, तसाच हिशेब आपल्याही देवांचा. त्याच पुस्तकात यहुदी, ख्रिस्ती वा इस्लामी ईश्वराला प्रकरण नाही, आकडाही नाही. कारण उघड आहे : तो ‘धर्म’ आहे आणि बाकीचे ‘पुराण’. झ्यूसची पूजा शतकानुशतके बंद आहे आणि लक्ष्मीची दर दिवाळीला होते, हा भेद या वर्गीकरणात बसत नाही.

निर्मात्यांचा हेतू अपमानाचा होता, असे म्हणण्यास आधार नाही. १९७६ च्या पूर्वसुरी पुस्तिकेच्या प्रास्ताविकात तर बेसुमार बलाढ्य पात्रे घेऊन मिरवणाऱ्या खेळाडूंना देवांच्या आकड्यांनी वेसण घालावी असा उद्देश सांगितला आहे. परंतु हेतू बाजूला ठेवून वर्गीकरण पाहिले तर दिसते की, निर्माता आणि आक्षेपक यांच्यात येथे वाद नव्हताच. एकाच्या मते काली ही वापरण्याजोगी कल्पित सामग्री. दुसऱ्याच्या मते ती भूत. ती कोणाची तरी आई आहे, हे दोघांच्याही गावी नव्हते. मूर्तिपूजेविरुद्ध एवढा कोलाहल झाला, पण मूर्तिपूजकाला त्या चर्चेत खुर्ची मिळाली नाही. जोसेफ लेकॉक यांचे ‘डेंजरस गेम्स’ (२०१५) हे या विषयावरचे उत्कृष्ट पुस्तक आहे. भूमिकाखेळ आणि धर्म दोन्ही कल्पित विश्वे उभारतात, आणि सैतानाविरुद्धच्या गुप्त युद्धात स्वतःला नायक समजणारे आक्षेपक स्वतःच एक खेळ खेळत होते, मात्र तो खेळ आहे हे विसरून, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. हे प्रतिपादन पटते. पण या आरशात समोरासमोर दोन अमेरिकी गट दिसतात; ज्याच्या देवाला आकडा लावला गेला तो तिसरा माणूस त्या चौकटीच्या केंद्रस्थानी येत नाही.

राक्षसाची कथा तर अधिक मनोरंजक आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस हे नाव जसेच्या तसे आले. चित्रात वाघाच्या तोंडाचा, उंची झगा घातलेला, पाइप ओढणारा हा प्राणी बसला आहे, आणि धर्मोपदेशकाने पवित्र केलेल्या बाणाने तो मरतो. गायगॅक्सने तो रामायणातून घेतला नाही. १९७४ मधील ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात शिकागोच्या यहुदी वस्तीत राक्षस शिरतो, विश्वासू माणसाचे रूप घेऊन वृद्धांना मारतो, आणि त्याला अडविण्यासाठी एका वृद्ध हिंदू गृहस्थाने भिंतींवर काढलेली स्वस्तिके नाझींची समजली जातात. मंत्रवलेला बाण तेथूनच आला. रामाने रावणावर सोडलेला बाणही अभिमंत्रितच होता; तेव्हा शिकागो आणि लेक जिनिव्हा असा फेरा घालून एक तपशील आपोआप मूळ जागी परतला, एवढे खरे.

माघार

आंदोलनाचा परिणाम कंपनीवर झाला. १९८५ मध्ये ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’चे नाव बदलून ‘लेजंड्स अँड लोर’ झाले. १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावे वगळली गेली; ती सैतानी मंडळी पुढे ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ अशा बनावट नावांनी परतली. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावे पुन्हा रुजू झाली. या माघारीची दिशा पाहण्याजोगी आहे. ख्रिस्ती परंपरेतील भुतांची नावे खोडली गेली, परंतु दुसरी आवृत्ती चालू असतानाच, १९९० मध्ये निघालेल्या नव्या ‘लेजंड्स अँड लोर’मध्ये भारतीय देवांचे प्रकरण कायम होते. ज्यांनी तक्रार केली त्यांची भुते गेली. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचे देव राहिले.

ज्यांचे सोंग निघाले त्यांचा आक्षेप

हिंदू आक्षेपाचा स्वर ऐकू आला तो बऱ्याच उशिरा, आणि संगणकीय खेळांच्या संदर्भात. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फॉलआउट ३’ हा भूमिकाखेळ सांस्कृतिक संवेदनशीलतेच्या कारणास्तव भारतात प्रसिद्ध न करण्याचे मायक्रोसॉफ्टने ठरविले. नेमके काय खटकले हे कंपनीने सांगितले नाही. खेळातील दोन तोंडांच्या गुरांना ‘ब्राह्मिन’ म्हटले आहे, याकडे अनेकांनी बोट दाखविले. येथे आक्षेप येण्याआधीच माघार घेतली गेली. २००९ मध्ये सोनीच्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’ या खेळाला अमेरिकेतील राजन झेद यांनी विरोध केला. हा भूमिकाखेळ नव्हे, आणि तो घडविला होता हैदराबादच्या संस्थेने. दैवताच्या हालचाली खेळाडूच्या हातातील यंत्राने नियंत्रित व्हाव्यात हे श्रद्धेला धरून नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या द्वंद्वखेळातील कालीसह इतर हिंदू देवतांबद्दल त्यांनी हीच तक्रार केली. काली खेळात राहिली.

चिक आणि झेद यांना एकाच पंक्तीत बसविण्याचा मोह टाळला पाहिजे. चिक यांची भीती अशी की खेळाडू देवतेच्या ताब्यात जाईल. झेद यांची तक्रार अशी की देवता खेळाडूच्या ताब्यात गेली. पहिल्यात खेळ अतिशय सामर्थ्यवान आहे, दुसऱ्यात तो अतिशय क्षुद्र आहे. दुसरी तक्रार करणारा नाट्यशास्त्रातील विघ्नांच्या जागी उभा आहे, म्हणजे त्याचेच सोंग निघाले आहे, म्हणून ती सहज झटकता येत नाही.

तरीही ती जशीच्या तशी स्वीकारणे मला शक्य वाटत नाही. देवाची भूमिका माणसाने वठविणे हाच जर अवमान असेल, तर सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावताराचे काय करावयाचे? तेथे गावातलाच माणूस विष्णू होतो. वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात, लोंबत्या लाल जिभेने येतो, ग्रामीण विनोद करून हशा पिकवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. प्रेक्षक राक्षसाला हसतात, देवाच्या सोंगाला नमस्कारही करतात, आणि पहाटे तोच विष्णू रंग पुसून आपल्या कामाला लागतो. आपली परंपरा सोंगाला भिणारी नाही. प्रथमपुरुषी ‘मी’ तिने फार पूर्वीच पचविला आहे; भारुडात एकनाथांनी तो जोगतिणीला, महारालाही दिला. दशावतारात देवाला आकडा नसतो आणि त्याचा वध हे खेळाडूचे संभाव्य यश नसते, हा पहिला फरक. दुसरा अधिक महत्त्वाचा : सोंग काढणारा आणि ज्याचे दैवत तो, हे एकाच देवळाच्या आवारात असतात. चूक झाली तर कान धरणारे समोर बसलेले असतात. १९८० च्या त्या पुस्तकाच्या वेळी लेक जिनिव्हाच्या टेबलावर हे दुसरे माणूस नव्हते.

पुढील आवृत्त्यांत खेळाने आपल्यापुरता एक तोडगा काढला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ऐतिहासिक दैवतमंडळे चारच आहेत : केल्टिक, ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स. लक्ष्मी आणि विष्णू गेले. त्याच वर्षीच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वाघाच्या तोंडाचा राक्षस मात्र आहे. आपल्या पुराणातून देव वगळून राक्षस तेवढा ठेवावा, ही संवेदनशीलता चमत्कारिक आहे. पण रावणाची देवळे असलेल्या देशात राक्षसाच्या बाजूने तक्रार करण्यास कोणी पुढे आल्याचे दिसत नाही. २०२२ मध्ये याच खेळाच्या ‘जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मोंडल या बंगाली लेखिकेने एक साहस लिहिले. ते शंखभूमी नावाच्या कल्पित प्रदेशात घडते; त्याची प्रेरणा बंगालची आहे, आणि या वेळी लिहिणारीही तेथलीच आहे.